आधी पोट, मग शौचालय: ऐरोलीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

आपले पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. उत्तर देण्यापूर्वी मला काय समजले ते लिहितो, म्हणजे काही चुकले असल्यास तुम्हाला लगेच लक्षात येईल. तुमचा मुलगा साडेसहा वर्षांचा असून पहिलीत आहे आणि त्याचे वाचन व आकडेमोड वयाला साजेशी आहे. लघवीसाठी तो बाथरूममध्ये जातो. शी करायची असली की मात्र डायपर मागून घेतो आणि गॅलरीच्या पडद्यामागे उभा राहून, पाय एकमेकांवर आवळून, तीन-चार दिवसांतून एकदा मोठी, कडक शी करतो. मधल्या दिवसांत चड्डीला पातळसर डाग लागतात आणि विचारले तर तो ‘मला नाही माहीत’ एवढेच म्हणतो. फ्लशचा आवाज झाला की कान दाबून पळतो, ओल्या फरशीवर पाऊल ठेवत नाही, आणि दहीभात, बिस्किटे, उकडलेला बटाटा व एकाच चवीच्या नूडल्स यांखेरीज काही खात नाही. यजमान याला हट्ट म्हणतात, सासूबाई लाडाचा परिणाम म्हणतात, शाळेने ‘सवय लागेपर्यंत डायपर घालून पाठवा’ असे तोंडी सांगितले आहे आणि घराजवळच्या एका केंद्राने वर्षभराच्या संवेदी थेरपीचे, म्हणजे स्पर्श, आवाज, तोल यांच्या जाणिवांवर काम करणाऱ्या उपचाराचे, पॅकेज सुचवले आहे. आता आधी कोणाकडे जावे, हा तुमचा प्रश्न आहे.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि शक्यतो याच आठवड्यात जा. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी उपचार करणारा, आहे, ठाण्यात वीसहून अधिक वर्षे लहान मुलांबरोबर काम करतो, आणि तरीही तुम्हाला माझ्यासारख्याकडे दुसऱ्या क्रमांकाने यायला सांगतो. त्याचे कारण तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांत आहे: चार दिवसांतून एकदा होणारी मोठी कडक शी, आणि मधल्या दिवसांतले पातळ डाग.

हे डाग म्हणजे जुलाब नव्हेत आणि हट्टही नव्हे. मूल शी धरून ठेवू लागले की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे मलाशयात, मळ साचतो. आतडे त्यातले पाणी शोषत राहते, त्यामुळे तो दिवसेंदिवस कडक आणि मोठा होत जातो. मग शी करताना दुखते आणि दुखल्यामुळे मूल पुढच्या वेळी अधिक घट्ट धरून ठेवते. असे काही महिने चालले की मलाशय ताणून सैल पडते. ताणलेल्या मलाशयाला भरल्याची जाणीव नीट होत नाही, आणि वरून येणारा पातळ मळ त्या खड्याच्या कडेने झिरपून चड्डीत येतो. म्हणजे तुमचा मुलगा ‘मला नाही माहीत’ म्हणतो तेव्हा बहुधा खरे बोलत असतो. वासाचेही तसेच आहे. सतत नाकाशी असलेला वास मेंदू काही वेळाने नोंदवणे सोडून देतो, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलाला जे जाणवते ते त्याला स्वतःला जाणवत नाही. ‘इतका वास येतोय, तुला कळत नाही का?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते.

या क्रमाचा आग्रह मी धरतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत तो मी स्वतः चुकवला आहे. कळव्याची एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे येत असे. झोके, अंगावर मऊ ब्रश फिरवणे, वजनाचे जाकीट, सगळे यथासांग चालू होते. तिची बैठक सुधारली, ती केस विंचरू देऊ लागली, परंतु चार महिन्यांत चड्डीच्या तक्रारीत काडीचा फरक पडला नाही. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी तिला टेबलावर झोपवून पोटाच्या डाव्या बाजूला खाली बोटे ठेवली आणि मला म्हणाले, ‘इथे हात लावून बघा.’ हाताला दगडासारखी लांबट गाठ लागली. तिचे पोट मी एकदाही तपासायला पाठवले नव्हते. त्या चार महिन्यांची फी तिच्या वडिलांनी रिक्षा चालवून भरली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन आठवड्यांची, आठवेल तशी, नोंद घेऊन जा: शी कोणत्या दिवशी झाली, किती वाजता, कशी, डाग किती वेळा लागले, पाणी साधारण किती प्याला. शी ‘कशी’ हे सांगण्यासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात शेळीच्या लेंड्यांसारख्या सुट्या खड्यांपासून पाण्यासारख्या पातळ शीपर्यंत सात प्रकार चित्रांनी दाखवलेले आहेत, आणि तो फ्रीजवर लावला तर मूलही आपला आकडा सांगू लागते. पोटाच्या अशा तक्रारींच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार चार वर्षांवरील मुलात आठवड्याला दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचालयात शी होणे, आठवड्यातून निदान एकदा कपड्यांत होणे, धरून ठेवण्याची विशिष्ट ढब, दुखरी वा कडक शी, मलाशयात साचलेला मोठा खडा, भांडे तुंबेल इतकी जाड शी, यांपैकी दोन गोष्टी महिनाभर दिसल्या आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्यास कार्यात्मक बद्धकोष्ठता म्हणतात. तुमच्या वर्णनात मला किमान तीन दिसतात. निदान मात्र डॉक्टरच करतील. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत शी न होणे, पोट फुगणे, हिरवट उलट्या, वजन न वाढणे, पायांत अशक्तपणा किंवा चालीत बदल, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, यांपैकी काहीही असेल तर ते आपणहून सांगा, कारण मग तपासणीची दिशा बदलते. लघवीही कपड्यांत होऊ लागली किंवा लघवीला जळजळ होत असेल तर तेही सांगा. भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते, त्यामुळे या दोन तक्रारी अनेकदा जोडीने येतात.

औषधाविषयी घरात वाद होणार हे मी गृहीत धरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली जाते. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते आणि तिने आतड्याला ‘सवय’ लागत नाही. प्रथम काही दिवस मोठ्या मात्रेने साचलेला मळ बाहेर काढतात आणि नंतर कित्येक महिने रोजची मात्रा चालू ठेवतात. पहिल्या टप्प्यात डाग कमी होण्याऐवजी वाढतात, म्हणून तो टप्पा डॉक्टरांना विचारून गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत ठेवा, शाळेच्या परीक्षेत नव्हे. दुसऱ्या टप्प्यात माझ्या पाहण्यातली सर्वांत मोठी चूक होते: तीन आठवड्यांत सगळे ठीक झाले म्हणून औषध थांबवले जाते. ताणलेल्या मलाशयाला मूळ आकाराला यायला वेळ लागतो, आणि तोवर औषध थांबवले तर दिवाळीत सुटलेला प्रश्न संक्रांतीला पुन्हा दारात उभा राहतो. चवीचाही विचार करा. या पावडरीच्या क्षार मिसळलेल्या प्रकाराला खारट चव असते, बिनक्षाराचा प्रकार जवळजवळ बेचव असतो, तेव्हा मुलाच्या जिभेबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. आणि ती चोरून दहीभातात मिसळू नका. त्याला फरक कळला तर मोजक्या चार पदार्थांतला एक कायमचा जाईल.

सासूबाईंनी सुचवलेला विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावण्याचा उपाय करू नये, असे त्यांना आदराने सांगा. स्पर्शाला इतक्या हळव्या मुलाच्या गुदद्वाराशी काहीही केले की भीती दुपटीने वाढते. याच कारणाने एनिमाही पहिल्या पर्यायात बसत नाही. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय दिल्यास साचलेला मळ अधिक घट्ट होऊ शकतो. पपई, पेरू, पालेभाज्या पुढे उपयोगाच्या आहेतच, परंतु आधीच अडकलेला खडा केवळ आहाराने निघेल अशी आशा धरू नका.

आता माझ्या कामाचा भाग. पोटाचा उपचार सुरू झाल्यावरच शौचालयाच्या खोलीकडे वळायचे. मुलाला शौचालयाची भीती वाटते असे आपण एका वाक्यात म्हणतो, परंतु त्या खोलीत भीतीची कारणे आठ-दहा असू शकतात आणि मुलाला ती वेगळी काढून सांगता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी मी कोपरखैरणेला एका घरी गेलो होतो. फ्लशला घाबरतो अशी तक्रार होती, म्हणून पालकांनी फ्लश न ओढता बादलीने पाणी टाकायला सुरुवात केली होती, तरी मुलगा आत पाऊल टाकत नव्हता. मी कमोडचे झाकण लावून त्यावर बसलो, दार ओढून घेतले आणि दहा मिनिटे काहीच केले नाही. खोली जेमतेम चार फूट लांब, वरपर्यंत टाइल्स, त्यामुळे खाकरल्याचाही आवाज घुमत होता. पंख्याची घरघर, फिनाइलचा वास. आणि मग डोक्यामागे, डक्टच्या बाजूच्या काचपट्ट्यांपलीकडे, एकदम फडफड झाली. तिथे कबुतरांचे घरटे होते. मी दचकलो. तो मुलगा ज्या बाजूला पाठ करून, उघड्या अंगाने, पाय अधांतरी ठेवून बसायचा, तिथूनच ती फडफड येत होती. डक्टला जाळी लागली, काचपट्ट्यांवर जुना टॉवेल अडकवला आणि पंधरवड्यात तो दार उघडे ठेवून का होईना, बसू लागला. फ्लशचा त्याच्या तक्रारीशी काही संबंधच नव्हता.

तेव्हा तुम्हीही, तो शाळेत असताना, त्याच्या उंचीवरून ती खोली एकदा अनुभवून पाहा. फ्लशचा आवाज त्याला खरोखरच सोसत नसेल तर तो बाहेर आल्यावर तुम्ही फ्लश करा, मग तो दाराशी असताना, आणि शेवटी कळ त्याच्याच हाती द्या. आपण स्वतः केलेला आवाज अंगावर आलेल्या आवाजापेक्षा सोसवतो. मॉलमध्ये आपोआप सुरू होणाऱ्या फ्लशच्या सेन्सरवर कागदाचा तुकडा चिकटवला की तो मध्येच सुरू होत नाही. ओल्या फरशीसाठी कोरडी रबरी चटई आणि फक्त त्याची अशी एक चप्पल ठेवा. जेट स्प्रेचा गार फवारा अनेक मुलांना फटक्यासारखा लागतो. त्याऐवजी कोमट पाण्याचा तांब्या घ्या, आणि पाणी टाकण्यापूर्वी ‘आता पाणी येतंय’ असे सांगा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे आपल्याकडचे नित्याचे दुखणे आहे, परंतु दमट चड्डी आणि कापणारे इलॅस्टिक अंगावर असले की त्या भागाच्या बाकीच्या सूचना मेंदूपर्यंत पोचणे आणखी अवघड होते. इस्त्री फिरवून कोरडी केलेली, शिवण टोचत असल्यास उलटी घातलेली चड्डी चालेल.

पायांचे मात्र सर्वांत महत्त्वाचे. कमोडवर पाय लोंबकळत असले की तोल सांभाळण्यात शरीर आखडते आणि आखडलेल्या शरीराने शी होत नाही. लहान मुलांची रिंग बसवा, आणि पायांखाली न हलणारा पाट किंवा स्टूल इतक्या उंचीचा ठेवा की गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील. उकिडवे बसल्यावर मलाशयाचा मार्ग सरळ होतो, तोच फायदा यातून मिळतो. घरात भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर उत्तमच, पण तोल जाण्याची भीती असलेल्या मुलाला समोर धरायला भिंतीवर दांडी हवी.

डायपर काढून घेऊ नका. हा सल्ला ऐकून यजमान नाराज होतील, याची मला कल्पना आहे. परंतु आज डायपर ही एकच अशी जागा आहे जिथे तो शी सोडतो. ती काढून घेतली तर तो शी सोडणार नाही, धरेल, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ. डायपर तसेच ठेवून जागा बदला. आधी पडद्यामागून बाथरूमच्या दारापर्यंत, मग बाथरूमच्या आत उभ्याने, मग झाकण लावलेल्या कमोडवर डायपरसह बसून, मग झाकण उघडून. त्यानंतर डायपरला मागून भोक पाडायचे, म्हणजे शी भांड्यात पडते पण अंगाला डायपरचा स्पर्श राहतो. मग भोक मोठे करत जायचे आणि शेवटी नुसती पट्टी उरते. प्रत्येक पायरीवर चार-पाच दिवस सहज जमल्याशिवाय पुढे जायचे नाही, आणि मागे यावे लागले तर न बोलता यायचे. माझ्याकडच्या एका मुलाने ती शेवटची पट्टी तीन आठवडे सोडली नव्हती. एका सकाळी त्यानेच ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बसण्याची वेळ जेवणानंतरची ठेवा. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून खाण्यानंतरच्या अर्ध्या तासात बसवणे फायद्याचे. पुस्तकांत नाश्त्यानंतर बसवा असे लिहिलेले असते, परंतु आपल्याकडे सकाळच्या सत्रातली मुले साडेसहाला बसमध्ये असतात, आणि अर्धा कप दूध व ‘आटप लवकर’ यांत कोणाचेही पोट मोकळे होत नाही. शाळेतून आल्यावरचे जेवण आणि रात्रीचे जेवण या दोन वेळा धरा. पाच मिनिटे पुरेत. त्या पाच मिनिटांत त्याला पिपाणी, साबणाचे फुगे किंवा साधा फुगा द्या. फुंकताना पोटावर आपोआप जोर येतो, त्यामुळे ‘जोर लाव’ असे सांगावे लागत नाही. बक्षीस द्यायचे तर बसल्याचे द्या, शी झाल्याचे नव्हे. बसणे त्याच्या हातात आहे, शी होणे अजून नाही. गोष्ट सांगण्याचे काम सासूबाईंकडे सोपवा. देठाचा उपाय नाकारल्यानंतर त्यांना काही मानाचे काम देणेही गरजेचे आहे, आणि आजीच्या गोष्टीला मोबाइलची सर येत नाही.

शरीराच्या आतल्या सूचना ओळखण्याचे काम सर्वांत हळू चालते. भूक, तहान, लघवीची भावना यांचीही गल्लत होते का ते पाहा. ज्याला तहान कळत नाही त्याला शी लागल्याचे उशिराच कळणार. दिवसातून तीन-चार ठरावीक वेळी, पोटावर हात ठेवून, ‘पोट घट्ट आहे की मऊ? खाली जड वाटतंय?’ एवढेच विचारा. तो पाय आवळताना दिसला तर ‘शी लागली ना तुला!’ असे म्हणण्याऐवजी ‘तुझे पाय घट्ट झालेत, पोट काहीतरी सांगतंय वाटतं’ असे म्हणा. डाग लागले तर त्यानेच चड्डी बादलीत टाकावी, अंग धुवावे, कोरडी चड्डी घालावी. तुम्ही शेजारी उभे राहा, भाषण नको. शिक्षा म्हणून चड्डी घासायला लावणे आणि चुलतभावाशी तुलना, या दोन्ही गोष्टी घरातून पूर्ण बंद व्हायला हव्यात.

शाळेला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी पत्र द्या. त्यात हा आजारावरचा उपचार असल्याचे, त्याला न विचारता बाहेर जाण्याची मुभा हवी असल्याचे आणि कपड्यांची जादा जोडी कोठे ठेवली आहे ते लिहा. वर्गशिक्षिकांइतकेच शाळेतल्या मावशींशी बोला. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा मुलाजवळ त्याच असतात, आणि त्यांच्या एका ‘शीऽऽ’ने महिन्याचे काम वाया जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासन-अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणे अपेक्षित आहे. मात्र केवळ संवेदी अडचण हे त्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी नाही. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्या यादीत आहे. म्हणूनच तुमच्या मुलाची एकदा नीट विकासात्मक तपासणी व्हावी असे मला वाटते. मोजके अन्न, आवाज आणि स्पर्शाचा त्रास, ठरावीकपणाचा आग्रह एवढ्यावरून स्वमग्नता म्हणता येत नाही, परंतु प्रश्न विचारण्याइतपत ते पुरेसे आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे वाशीतले दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आणि खारघरचे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र ही दोन्ही सार्वजनिक ठिकाणे तुम्हाला जवळची आहेत.

वर्षभराच्या पॅकेजवर आज सही करू नका. या थेरपीच्या मुळाशी असलेला संवेदी एकात्मतेचा विचार जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडला आणि माझे निम्मे काम त्यावरच उभे आहे, पण नुसत्या झोक्याने मलाशय रिकामे होत नाही. कोणत्याही केंद्राला विचारा की तीन महिन्यांत शौचालयासंबंधी नेमके काय बदललेले दिसेल आणि ते कसे मोजणार. शिवाय ज्यांनी त्याच्या पोटाबद्दल एकही प्रश्न न विचारता पॅकेज सांगितले, त्यांच्याविषयी माझे मत तुम्ही ओळखले असेलच.

पत्राच्या शेवटी तुम्ही पुढच्या महिन्यातल्या सहलीचे विचारले आहे. पाठवा. आदल्या रात्रीच्या औषधाच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. दोन जोड कपडे, ओले टिश्यू, बंद होणारी पिशवी आणि त्याची चप्पल एका वेगळ्या छोट्या दप्तरात भरा, आणि ते दप्तर बसमध्ये त्याच्याकडे नव्हे, मावशींकडे द्या. तिथल्या शौचालयाचा फोटो आधी मिळाला तर त्याला दाखवा. दिवसभर तो बहुधा शी करणारच नाही. घरी आल्यावर डायपर मागितले तर त्या दिवशी बिनशर्त द्या.